‘क्लॅट’चे तर्काचे प्रश्न: खरे वाटणारे उत्तर बरोबर असतेच असे नाही

बेळगावच्या विद्यार्थ्याला बंगळूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ हवे असते, इंदूरच्या मुलीला भोपाळचे, बडोद्याच्या मुलाला गांधीनगरचे. हैदराबादकरांना तर ‘नालसार’ घरचेच. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची विधी विद्यापीठेही आहेतच. राज्ये वेगळी असली तरी बारावीनंतर या सगळ्यांच्या दारात नेणारी परीक्षा एकच, ‘क्लॅट’.

पदवी प्रवेशाच्या या परीक्षेत दोन तासांत १२० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे २२ ते २६ प्रश्न, तर्काचे असतात. उतारा इंग्रजीत, सुमारे ४५० शब्दांचा असतो आणि त्याखाली काही प्रश्न येतात. इथे पाठांतर कामाला येत नाही, त्यामुळे हुशार मुलेही अडकतात. बरेचदा दोष इंग्रजीवर जातो, पण खरी अडचण अनेकदा वाचण्याच्या सवयीत असते.

आधी निष्कर्ष शोधा

समजा, उताऱ्यात असे म्हटले आहे: गावात रात्रीची अभ्यासिका सुरू झाली. त्या वर्षी दहावीचा निकाल ६२ टक्क्यांवरून ७१ टक्क्यांवर गेला. म्हणजे अभ्यासिकेमुळे निकाल सुधारला.

पहिली दोन वाक्ये आधार, तिसरे निष्कर्ष. या दोहोंच्या मध्ये एक न बोललेली गोष्ट आहे, ती म्हणजे निकाल वाढायला दुसरे मोठे कारण नव्हते. यालाच गृहीतक म्हणतात. तर्काचे बरेचसे प्रश्न या मधल्या फटीवरच बेतलेले असतात.

आता प्रश्न येतो, कोणते विधान हा युक्तिवाद सर्वांत कमकुवत करते?

अ) अभ्यासिकेवर ग्रामपंचायतीचा बराच खर्च झाला.
ब) अभ्यासिका नसलेल्या शेजारच्या गावांतही निकाल तेवढाच वाढला.
क) दहावीची बहुतेक मुले अभ्यासिकेत रोज येत होती.
ड) काही मुलांचा अभ्यास घरीच चांगला होतो.

‘अ’ खर्चाबद्दल बोलते, निकालाच्या कारणाबद्दल नाही. ‘क’ तर युक्तिवादाला उलट बळ देते. घाईत प्रश्न नीट न वाचणारे इथेच फसतात. ‘ड’ व्यवहारात खरे आहे, म्हणून ते पटते, पण निष्कर्षाला धक्का लावत नाही. उत्तर ‘ब’, कारण अभ्यासिका नसतानाही निकाल वाढला असेल तर कारण दुसरेच असू शकते.

गृहीतक विचारले असेल तर पर्याय उलटा करून बघावा. ‘दुसरे मोठे कारण होते’ असे म्हणताच वरचा युक्तिवाद कोसळतो, म्हणजे गृहीतक सापडले. पर्याय उलटा करूनही काही बिघडत नसेल तर तो सोडून द्यावा.

स्वतःचे मत बाजूला

उतारा भाषा, राज्यांच्या सीमा किंवा आरक्षणावर असू शकतो. सीमाभागातल्या मुलांनी या विषयांवर घरात लहानपणापासून ऐकलेले असते आणि मतेही पक्की असतात. परीक्षेत मात्र लेखकाचे म्हणणे पटते की नाही, हे कोणी विचारत नाही. त्याने दिलेल्या आधारांवरून त्याचा निष्कर्ष निघतो का, एवढेच बघायचे. उताऱ्यात ‘काही’ असताना पर्यायात ‘सर्व’, ‘फक्त’ किंवा ‘नेहमीच’ आले, की जरा थांबावे.

सराव कसा करावा

मराठी माध्यमातून आलेल्यांनी सुरुवात मराठीतच करायला हरकत नाही. घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातला अग्रलेख घ्यावा. लेखकाचे म्हणणे एका ओळीत, त्याची कारणे दोन ओळींत आणि न बोललेले गृहीतक एका ओळीत लिहावे. महिनाभराने हेच इंग्रजी अग्रलेखावर करावे. तर्क भाषा बदलली म्हणून बदलत नाही. इंग्रजी वाचनाचा वेग मात्र रोजच्या वाचनानेच वाढतो.

त्यानंतर जुन्या प्रश्नपत्रिका घ्याव्यात. पहिले काही उतारे घड्याळ न लावता सोडवावेत. पर्याय वाचण्याआधी उत्तर साधारण काय असावे, हे मनात ठरवावे. वेग नंतर येतो. शेवटी उतारा वाचण्यासह प्रश्नामागे सरासरी एक मिनिटच मिळते.

चुकांची वेगळी वही ठेवावी. तिच्यात फक्त बरोबर उत्तर उतरवून भागत नाही. चुकीचा पर्याय का आवडला, तेही लिहावे: प्रश्न उलटा वाचला, विषयाबाहेर गेलो, की स्वतःचे मत मध्ये आले? वीस-पंचवीस चुका लिहून झाल्या की आपली खोड कोणती ते कळते. बहुधा तीच पुन्हा पुन्हा होत असते.

दोन पर्याय नक्की बाद झाले असतील तर उरलेल्यांपैकी एक निवडणे हिशेबाने फायद्याचे ठरते. उतारा समजलाच नसेल तर तिथे घुटमळत बसण्यापेक्षा पुढचा प्रश्न गाठलेला बरा.