पाणी वाचायला शिका

उचगावपासून पंचगंगा नदी फार दूर नाही. तिच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसे तुम्ही पाहिली असतील. दोघांजवळ सारखीच काठी, सारखीच दोरी आणि सारखेच गांडूळ असते. तरीही एकाला मासे मिळतात आणि दुसरा रिकाम्या हाताने घरी जातो. लोक म्हणतात, "ज्याचे त्याचे नशीब!" पण खरे कारण निराळे आहे.

पहिला माणूस गळ टाकण्यापूर्वी पाणी नीट पाहतो. उर्दूत आपण ज्याला 'मुशाहदा' म्हणतो, त्यालाच मराठीत 'निरीक्षण' म्हणतात. तो काठावर पाय आपटत नाही. कारण माशाच्या दोन्ही अंगांवर एक रेषा असते आणि तिच्यामुळे त्याला पाण्यातील हादरे कळतात. तो आपली सावलीही पाण्यावर पडू देत नाही.

कोणता मासा कोठे राहतो, हेही पाहून पाहूनच कळते. मरळ मासा संथ पाण्यात, गवताच्या आडोशाला दबा धरून बसतो. तो बेडूक आणि लहान मासे खातो. रोहूला मात्र कणकेची गोळी चालते. म्हणून मरळीच्या जागी कणकेची गोळी टाकून दिवसभर बसले, तरी काय उपयोग?

आता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. मरळ मधूनमधून पाण्यावर तोंड काढते आणि हवा घेते. ती तिची सवयच आहे. पण रोहूसारखे मासे पहाटे पाण्यावर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तो धोक्याचा इशारा असतो. रात्री पाणवनस्पती प्राणवायू तयार करीत नाहीत, उलट वापरतात. त्यातच पाण्यात सांडपाणी मिसळले, तर प्राणवायू फारच कमी होतो आणि मासे गुदमरतात. पंचगंगेत असे मासे मरून तरंगल्याचे लोकांनी अनेकदा पाहिले आहे. खूण एकच, पण अर्थ दोन! हा फरक अनुभवानेच कळतो. असे मासे दिसले, तर ते गोळा करून घरी नेऊ नका. मोठ्या माणसांना आणि ग्रामपंचायतीला लगेच सांगा.

पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसतो. आईबाप जवळच राहून त्यांची राखण करतात. अमेरिकेतील तळ्यांत बास नावाचा मासा असतो. त्याचा नरही पिल्लांची अशीच राखण करतो. अशा वेळी मोठा मासा पकडला, तर पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. जाणता माणूस तेथे गळ टाकत नाही.

तुम्हीही एक वही करा. तारीख, वेळ, पाण्याचा रंग, आमिष आणि दिसलेले मासे यांची नोंद करा. मासा मिळाला नाही, तर तेही लिहा. मात्र नदीवर एकटे जाऊ नका. पूर आला असताना आणि बंधाऱ्याच्या खालच्या खळाळत्या पाण्याजवळ तर मुळीच जाऊ नका.

वर्षभराने ती वही उघडून पाहा. मासे कोठे मिळतात, हे तर ती सांगेलच. शिवाय आपली नदी निरोगी आहे की आजारी, हेही सांगेल.