टेम्पो धडकला, नोंद कुठे जाते?

उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या टावर चौकात मालवाहू टेम्पो धडकला, तर पोलिसाने मोबाइलवर ‘आयरॅड’ हे रस्ते अपघातांच्या नोंदीचं ॲप उघडायचं. आयआयटी मद्रासने विकसित केलेली आणि राष्ट्रीय माहिती केंद्राने (एनआयसी) राबवलेली ही प्रणाली २०२१ मध्ये आधी सहा राज्यांत आली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्ही त्यांत होती. घटनास्थळाचं अचूक ठिकाण आणि फोटो तिथूनच चढतात. गाडीचा नंबर टाकला की ‘वाहन’ या वाहननोंदणीच्या प्रणालीतून नोंदणीचा तपशील मिळतो. मग परिवहन खातं, रस्त्याचा अभियंता, रुग्णालय आपापला भाग भरतात. पण माल किती होता, चालक किती तास जागा होता? कारण म्हणून ‘भरधाव वेग’ लिहून मोकळं होणं सोपं. मालाचं वजन कळायला वजनकाट्याची पावती त्याच दिवशी मिळवावी लागते, नाहीतर माल दुसऱ्या गाडीत चढून रवाना झालेला असतो.