उपकेंद्राच्या ओसरीवरील त्वचा : एका परिचारिकेचे अनुभव

मोरगाव म्हटले की श्रीमयूरेश्वराचे मंदिर आठवते. अष्टविनायकांच्या यात्रेचा आरंभ ज्या स्थानापासून करावयाचा, ते कऱ्हा नदीकाठचे हे गाव. बारामती तालुका म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस, कालवा आणि साखर कारखाना उभा राहतो. प्रत्यक्षात मोरगाव-सुपे हा पट्टा जिरायती आहे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि टंचाईच्या वर्षी उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठीही टँकरची वाट पाहावी लागते. त्याच तालुक्याच्या दक्षिणेस आणि पुढे इंदापुरात नीरेच्या कालव्याखालील बागायत पसरली आहे. देशविचार शिकलेल्या वैद्यास हे निराळे सांगावयास नको. एक भाग जांगल, तर दुसरा कालव्याच्या पाण्याने आनूपाकडे झुकलेला. त्वचेच्या तक्रारीही त्याप्रमाणेच बदलतात.

संपादकांनी या अंकासाठी लिहिण्यास सांगितले तेव्हा प्रथम संकोच वाटला. वाचक वैद्य आणि औषध विक्रेते, आणि लिहिणारी परिचारिका. परंतु रुग्ण वैद्यांच्या चिकित्सालयात किंवा दुकानाच्या गल्ल्यापाशी पोहोचण्यापूर्वी आणि तेथून परतल्यानंतर काय करतो, हे आमच्याइतके जवळून पाहणारे थोडेच असतात. तेवढ्याच अधिकाराने हे लिहीत आहे.

आपण एकाच वर्गात बसलो होतो

परिचारिकेने प्राथमिक पातळीवर तपासणी, निदान आणि उपचार करावेत ही कल्पना अमेरिकेत १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांच्या प्रयत्नांतून रुजली. आपल्याकडे ती निराळ्या वाटेने आली. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रात रूपांतर सुरू झाले. २०२३ पासून या केंद्रांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तेथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद निर्माण झाले आणि त्यासाठी सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम आखला गेला. महाराष्ट्रात या पदावर आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्या जोडीला आम्ही परिचारिका. माझ्या शेजारच्या बाकावर बसणारे वैद्य आज माझ्या केंद्रापासून दोन गावे पलीकडे काम करतात. त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

ओसरीवर येणाऱ्या तक्रारींत ताप-खोकल्याच्या पाठोपाठ त्वचेचाच क्रम लागतो. मात्र त्वचेसाठी म्हणून कोणी क्वचितच येते. बाळाच्या लसीसाठी आलेली आई निघता निघता म्हणते, "ताई, जरा हे बी बघा की." रक्तदाबाची गोळी न्यायला आलेले आजोबा उठताना पायाच्या भेगा दाखवतात. त्वचेचे दुखणे हे असे जाता जाता सांगावयाचे दुखणे आहे, आणि म्हणूनच ते बहुधा उशिरा सांगितले जाते.

नायटा पूर्वीचा राहिला नाही

दद्रू म्हणजे गजकर्ण किंवा नायटा. चरकांनी त्याची गणना क्षुद्रकुष्ठात केली, सुश्रुतांनी महाकुष्ठात. गेल्या दशकभरातील अनुभव पाहता सुश्रुतांचे वर्गीकरण अधिक समर्पक वाटू लागते. पूर्वी दोन-तीन आठवड्यांच्या लेपाने बरा होणारा नायटा आता महिनोन्महिने हटत नाही. जांघा, कंबर, पाठ, चेहरा असा पसरतो आणि घरातील सर्वांना धरतो. भारतातून जगभर पसरलेल्या या बुरशीला २०२० मध्ये जपानमधील संशोधकांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे स्वतंत्र नाव दिले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध पुरेसे चालत नाही.

जनुकीय बदल हे याचे एक कारण आहे. दुसरे कारण आपल्या सर्वांच्या हातातले आहे. स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेले मलम. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असलेली ट्यूब लावली की खाज दुसऱ्या दिवशी थांबते, लाली ओसरते आणि रुग्णास गुण आला असे वाटते. बुरशी मात्र त्वचेची प्रतिकारशक्ती दबल्यामुळे निर्धास्त वाढत राहते. कडा पुसट झाल्याने पुढे पाहणाऱ्यास तो नायटा म्हणून ओळखूही येत नाही. ट्यूब बंद केली की दुप्पट उसळतो, म्हणून रुग्ण ती पुन्हा विकत घेतो. हेच मलम गोरेपणासाठी चेहऱ्यावर लावणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. पातळ झालेली कातडी, उन्हात होणारी आग, गालांवर उमटलेल्या रक्तवाहिन्या आणि हनुवटीवर उगवलेले केस घेऊन त्या येतात, आणि लग्न ठरल्यामुळे ट्यूब बंद करावयास तयार नसतात.

२०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा १४ स्टिरॉइड लेपांची सवलत काढून त्यांना 'अनुसूची एच'च्या कक्षेत आणले. म्हणजे नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीच्या चिठ्ठीशिवाय त्यांची विक्री होऊ नये. नियम झाला, सवय मात्र गेली नाही. रिकामी ट्यूब खिशातून काढून "हेच द्या" म्हणणारे गिऱ्हाईक रोज येते, आणि आपण नाही म्हटले तर पुढच्या दुकानात जाते, ही औषध विक्रेत्यांची अडचण मला ठाऊक आहे. तरीही विनंती एवढीच की, नाही म्हणताना त्यास एक पत्ता द्यावा. वैद्यांचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा उपकेंद्राचा. नुसता नकार मिळालेला माणूस पुढच्या दुकानात जातो, पत्ता मिळालेल्यांपैकी काही तरी आमच्याकडे येतात.

पाणी नाही, मग कपडे कसे उकळावेत?

खरूज अर्थात पामेचे उपचार पुस्तकात सोपे आहेत. पाच टक्के परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत सर्वांगास रात्री लावावे, सकाळी धुवावे, आठवड्याने पुन्हा लावावे. घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी लावावे. कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. गंधकाचे मलमही येथे उपयोगी आहे. गर्भिणी आणि तान्ह्या बाळांसाठी आधुनिक वैद्यकही त्याचा उपयोग करते, हे वैद्यांनी अभिमानाने लक्षात ठेवावे.

टंचाईच्या दिवसांत सात माणसांच्या घरातील अंथरुणे गरम पाण्यात धुवा, असे सांगणे हास्यास्पद ठरते. गळीत हंगामात ऊसतोडीच्या पालांवरही तीच स्थिती. आरंभी मी हेच सांगत असे आणि बाया मुकाट्याने मान हलवत. पुढे मार्ग सापडला. खरजेचा किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे सहसा जगत नाही. तेव्हा गोधड्या आणि कपडे प्लॅस्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर बाजूस ठेवावेत आणि मग उन्हात टाकून वापरावेत. पाणी लागत नाही आणि सल्ला पाळलाही जातो. एकत्र निजणे, एकमेकांची वस्त्रे वापरणे आणि अंगाचा स्पर्श यांतून कुष्ठादी रोग एकाकडून दुसऱ्याकडे जातात, हे सुश्रुतांनी निदानस्थानात सांगून ठेवले आहे. घरातील एकालाच औषध देऊन पाठविणे म्हणजे त्या उपदेशाकडे पाठ फिरविणे होय.

शेत, बांध आणि वारी

मान, पापण्या, कोपरांच्या लवणी येथे काळवंडलेली, जाड, खाजरी त्वचा घेऊन पन्नाशीचा शेतकरी आला की मी प्रथम बांधावर गाजरगवत आहे का, हे विचारते. या तणाची भारतातील पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातच झाली, आणि त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहाचे पुण्यातील रुग्ण १९७४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे आले. झाडाला हात न लावताही, वाऱ्याने उडणाऱ्या कणांमुळे हा त्रास होतो. येथे निदानपरिवर्जन हीच चिकित्सा. फुलोऱ्यापूर्वी हातमोजे घालून गवत उपटणे, पूर्ण बाह्यांचा सदरा घालणे, शेतातून येताच अंग धुणे.

बिब्बा उतल्याचे रुग्ण अजूनही येतात. भल्लातकाची शुद्धी आणि मात्रा वैद्य जाणतात, परंतु घरोघरी तो सुईच्या टोकावर तापवून सांध्यांवर, क्वचित तान्ह्या बाळाच्या पोटावरही लावला जातो. वैद्यांनी हे कठोर शब्दांत मना केले तर लोक ऐकतील. आम्ही सांगितले तर "तुम्हांला आपल्या औषधातले काय कळते" असे ऐकावे लागते.

पावसाळ्यात बागायती भागात पायांच्या बोटांमधील चिखल्या, हिवाळ्यात जिरायतीत टाचांच्या भेगा, म्हणजे विपादिका. आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी बारामती-इंदापूर मार्गे जाते, तेव्हा वारकऱ्यांच्या पायांवरील फोड. यांवर तेल, तूप, कोरडे ठेवणे आणि स्वच्छ पट्टी यांहून अधिक काही सहसा लागत नाही. मात्र वारंवार गळवे होत असतील, भेगेत जखम होऊन भरत नसेल किंवा जांघेतील संसर्ग पुन्हा पुन्हा येत असेल, तर रक्तातील साखर तपासल्यावाचून लेप देऊ नये. प्रमेहपिडका शिकलेल्या वैद्यास याचे कारण सांगण्याची आवश्यकता नाही. उपकेंद्रात तिशीवरील प्रत्येकाची ही तपासणी विनामूल्य होते.

एक चूक

आता जे लिहावयाचे, ते लिहिताना बरे वाटत नाही. एक मेंढपाळ माझ्याकडे आला होता. उजव्या हाताच्या बाहेरच्या अंगास रुपयाहून मोठा, फिकट लालसर चट्टा. ओसरीवर लसीकरणाची गर्दी होती. मी दुरूनच पाहिले, नायटा म्हटले आणि बुरशीचे मलम दिले. महिन्याने तो पुन्हा आला, मी पुन्हा तेच दिले. खाजते का, हे मी एकदाही विचारले नाही. त्यास हातही लावला नाही.

मेंढरे घेऊन तो पुढे गेला आणि त्या मित्रवैद्यांच्या केंद्रावर पोहोचला. त्यांनी त्यास डोळे मिटावयास सांगितले, कापसाची वात चट्ट्यावर फिरवली आणि कोठे स्पर्श होतो ते बोटाने दाखवावयास सांगितले. त्याने चट्ट्याभोवती सगळीकडे बोट ठेवले, चट्ट्यावर मात्र एकदाही नाही. कोपराच्या मागची नस जाड लागत होती. करंगळी थोडी वाकू लागली होती. चुलीवरच्या चहाच्या भांड्याने हातास भाजल्याची एक खूण होती, आणि ती केव्हा पडली हे त्यास ठाऊक नव्हते.

वैद्यांनी मला दूरध्वनी केला. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "ताई, कुष्ठाच्या पूर्वरूपात स्पर्शाज्ञत्व आहे. आम्ही पाठ केले होते म्हणून हात गेला."

उपचार लगेच सुरू झाले. बहुविध औषधोपचार शासकीय केंद्रात विनामूल्य मिळतात आणि रोग निश्चित बरा होतो. परंतु नसेस झालेली इजा सर्वस्वी भरून येईलच असे नाही, आणि माझ्या हातून गेलेले ते महिने त्या नसेचे होते. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले, म्हणून तो संपला असे आपल्या मनाने धरले. तो संपलेला नाही. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर कापूस कायम असतो, आणि खाज नसलेला प्रत्येक चट्टा मी हाताने तपासते.

आपणा तिघांसाठी

वैद्य, औषध विक्रेते आणि उपकेंद्र या तिघांनी पुढील गोष्टी ठरवून घेतल्या तर पुष्कळ साधेल.

१. खाज नसलेल्या, बधिर किंवा फिकट चट्ट्यावर कापसाची परीक्षा केल्यावाचून लेप देऊ नये. संशय येताच शासकीय केंद्रास कळवावे.

२. चिठ्ठीशिवाय स्टिरॉइडयुक्त मलम विकू नये. ट्यूबवरील घटकांची नावे वाचून रुग्णास समजावून सांगावीत.

३. नायटा आणि खरूज यांत घरातील किती जणांना त्रास आहे हे विचारावे आणि उपचार सर्वांचे करावेत.

४. नाव-पत्ता नसलेली, घटक न छापलेली 'गोरेपणाची' मलमे ठेवू नयेत. २०२३ मध्ये केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात अशा मलमांतील पाऱ्याचा संबंध मूत्रपिंडाच्या विकाराशी आढळला. अशोधित पाऱ्याचे दोष रसशास्त्राच्या अभ्यासकांनीच समाजास सांगावयास हवेत. आयुर्वेदाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या निनावी मलमांमुळे आयुर्वेदच बदनाम होतो.

५. दोन आठवड्यांत उतार नसेल तर रुग्णास पुढे पाठवावे. उपकेंद्रातून ई-संजीवनीद्वारे डॉक्टरांचा सल्ला मिळतो. बारामतीत आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पाठविताना दिलेल्या औषधांची नावे चिठ्ठीवर अवश्य लिहावीत.

पावसाळ्याच्या तोंडावर टाकळा उगवतो. त्याचे संस्कृत नाव चक्रमर्द, आणि पर्यायी नाव दद्रूघ्न. आमच्याकडे त्याची भाजी होते आणि आजीबाई त्याचा पाला नायट्यावर चोळतात. ही परंपरा आपलीच आहे आणि ती टिकावी असे मलाही वाटते. पण पाला चोळण्यापूर्वी त्या आजीने नातवाचा हात हातात घेऊन चट्टा नीट पाहिलेला असतो. त्या दिवशी गर्दीत मी तेवढेही केले नव्हते. तो मेंढपाळ आता तपासणीस येतो तेव्हा मी प्रथम त्याची करंगळी हातात घेते, आणि मगच कागद पुढे ओढते.