पिवळा क्रोकस उघडतो कसा?

ग्रीस, बल्गेरिया आणि तुर्कस्तानचा वायव्य भाग येथील टेकड्यांवर हिवाळा सरू लागला, की एक चिमुकले पिवळे फूल जमिनीतून वर येते. त्याचे नाव क्रोकस फ्लेव्हस. ही वनस्पती आयरिस व ग्लॅडिओलस यांच्या आयरिडेसी कुलातली. काश्मीरचे केशर हे हिचे जवळचे भावंड. मात्र केशराचे फूल जांभळे असते.

क्रोकसच्या बुडाशी घनकंद असतो. सुरणाप्रमाणेच तो म्हणजे अन्नसाठ्याने फुगलेले खोड. फुलाखाली देठ दिसतो तो खरा देठ नव्हे, सहा पाकळ्या खाली जुळून झालेली ती लांब नळी आहे. बिया जिथे तयार होतात ते किंजपुट जमिनीखालीच सुरक्षित राहते. परागकण मात्र वर, तीन पुंकेसरांवर असतात. पावसाने किंवा दवाने ते भिजू नयेत म्हणून फूल गारठ्यात मिटते आणि ऊब आली, कीटक फिरू लागले, की उघडते.

पण फुलाला ऊब कळते कशी? जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फेफर यांनी १८७३ साली फुलांच्या या हालचालींचा अभ्यास केला. तापमानात अर्ध्या अंशाचा फरकही क्रोकसला जाणवतो!

तुम्हाला इथे विजेच्या इस्त्रीतली द्विधातू पट्टी आठवेल. तापवल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. म्हणून पट्टी वाकते. पाकळीचेही असेच होत असेल का? गणित करून पाहू. पाकळी ३ सेंटिमीटर लांब आहे आणि ती पितळेइतकी प्रसरण पावते असे समजा. तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, तर तिची लांबी सुमारे ०.००६ मिलिमीटरने वाढेल. एवढ्याने फूल उघडणार नाही.

खरे कारण आहे वाढ. पाकळीच्या आतल्या बाजूच्या पेशी उबेत अधिक वेगाने वाढतात, बाहेरच्या बाजूच्या पेशी त्यामानाने थंडीत. ऊब मिळताच आतली बाजू लांब होते आणि पाकळी बाहेर झुकते. गारवा आला, की बाहेरची बाजू वाढते आणि फूल मिटते. या क्रियेला 'थर्मोनॅस्टी' म्हणतात.

दोन्हींतला फरक ओळखण्याची खूण सोपी आहे. द्विधातू पट्टी थंड झाली, की पुन्हा मूळ लांबीची होते. पाकळी मात्र प्रत्येक उघडमिटीबरोबर थोडी थोडी लांब होत जाते. म्हणजेच प्रत्येक वेळी फूल आपल्या वाढीचा थोडा वाटा खर्च करते. ही वाढ संपली, की कितीही ऊन पडले तरी फुलाची हालचाल थांबते. तोवर परागण झाले असेल, तर जमिनीखाली बियांची तयारी सुरू झालेली असते.