रूबीचा पहिला वर्ग

‘रूबी ब्रिजेस’ हा बोलपट आम्हीं नुकताच पाहिला. डिस्ने कंपनीनें तो १९९८ सालीं अमेरिकन दूरचित्रवाणीकरितां काढला असून त्याचें दिग्दर्शन मार्तिनीक बेटांतील यूझान पाल्सी या बाईंचें आहे. कथानक कल्पित नाहीं. वर्णावरून शाळा निराळ्या ठेवणें घटनाविरुद्ध आहे, असा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९५४ सालीं दिला. परंतु न्यू ऑर्लिन्स शहरांत तो चार लहान मुलींपुरता अमलांत यावयास १९६० साल उजाडावें लागलें! तिघी एका शाळेंत गेल्या. सहा वर्षांची रूबी दुसरींत एकटीच.

१४ नोव्हेंबर रोजीं मध्यवर्ती सरकारच्या चार मार्शलांच्या पहाऱ्यांत ती शाळेपाशीं आली, तेव्हां दारापुढील आरडाओरड तिला मार्दी ग्रा उत्सवाचीच वाटली. ओरडणाऱ्यांत लेकुरवाळ्या बायका पुष्कळ होत्या, हें आम्हांस सर्वांत अधिक झोंबलें. गोऱ्या पालकांनीं आपलीं मुलें काढून नेलीं, आणि बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री या शिक्षिकेनें वर्षभर त्या एकट्या मुलीचा वर्ग भरविला. एका बाईनें विष घालण्याची धमकी दिल्यामुळें रूबीनें घरचाच डबा खावा, असें ठरलें. परंतु एकटीनें खाणें तिला नकोसें झालें. ती पाव कपाटांत लपवूं लागली. उंदीर-झुरळें झालीं तेव्हां बिंग फुटलें. त्यानंतर हेन्रीबाई तिच्याबरोबर जेवूं लागल्या.

बोलपटाचें खरें बळ मात्र घरांतील प्रसंगांत आहे. मुलीला या शाळेंत घालावें, हा आईचा आग्रह. कोरियाच्या युद्धांत लढून आलेला बाप नाराज. लेकराला अशा अग्निदिव्यांत कां लोटावें, असें त्याला वाटे. त्याची पेट्रोलपंपावरील नोकरी गेली. दूर मिसिसिपींत वाट्यानें शेती कसणाऱ्या आजी-आजोबांना जमिनीवरून उठविण्यांत आलें. नातीच्या शाळेची किंमत म्हाताऱ्यांनीं भरावी! आमच्या एकत्र कुटुंबांतील वडील मंडळींना येथें आईची बाजू घ्यावी कीं बापाची, याचा निर्णय चटकन् करतां येणार नाहीं; आम्हांसहि आला नाहीं. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. कोल्स यांना कथेंत जरा अधिकच जागा दिली आहे. तेवढी बापाला मिळती तर बरें होतें. चॅझ मोने या बालिकेचा रूबीचा अभिनय मात्र निर्मळ.

२०२३ सालीं फ्लॉरिडांतील एका शाळेनें एका पालकाच्या तक्रारीवरून हा बोलपट दाखविणें कांहीं काळ थांबविलें. त्यांतील शिव्या कानांस बोचतात, हें खरें. पण सहा वर्षांच्या मुलीनें त्या प्रत्यक्ष ऐकल्या होत्या. घरांतील मुलांस तो दाखवावा, मात्र शेजारीं मोठें माणूस असावें.

पुढल्या वर्षीं रूबी शाळेंत गेली तेव्हां जमाव नव्हता, मार्शल नव्हते, वर्गांत इतर मुलें होतीं. हेन्रीबाईंना शाळेनें पुन्हां बोलावलें नव्हतें. त्यांच्या सहवासानें रूबीच्या बोलण्यांत बोस्टनचे उच्चार आले होते. ते नव्या बाईंना आवडेनात.