‘तुरळक ठिकाणी गडगडाट’ म्हणजे आपल्या शिवारात काय?



मार्च सरत आला की मोबाईलवर एक वाक्य रोज दिसायला लागतं : ‘पुणे जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जना व विजांसह हलक्या ते मध्यम पावसाची शक्यता.’ आपण ते वाचतो, वर बघतो, तर ऊन रणरणत असतं. काढलेला कांदा उघडाच ठेवून घरी जातो. चार दिवस काहीच होत नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी वळीव येतो आणि अर्ध्या तासात माल भिजवून जातो. म्हणून आज या एका वाक्याचा अर्थ नीट समजून घेऊ.

*शब्दांना माप आहे*
हवामान खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के आणि ‘बऱ्याच ठिकाणी’ म्हणजे ५१ ते ७५ टक्के. ढोबळ हिशेब धरला तर ‘तुरळक’ला चार गावांतलं एखादं गाव भिजतं. उरलेली तीन गावं म्हणतात, अंदाज चुकला. पण अंदाज चुकलेला नसतो, त्या दिवशी पाळी दुसऱ्याची असते.

‘मध्यम पाऊस’ हा शब्दही साधा नाही. दिवसभरात १५.६ ते ६४.४ मिलिमीटर पडला तर तो मध्यम. जुलैत हा पाऊस दिवसभर रिमझिमतो. वळवात तोच तासाभरात कोसळतो, सोबत सोसाट्याचा वारा आणि कधी गाराही.

*पुण्याचा आकडा आपला नाही*
बातमीत ‘पुण्याचं तापमान’ म्हणून येतं ते बहुतेक वेळा शिवाजीनगर वेधशाळेचं असतं. खुद्द शहरातच शिवाजीनगर आणि कोरेगाव पार्क यांच्यात दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. मग जुन्नर आणि इंदापूर एकसारखे कसे असतील? म्हणून शहराच्या आकड्यावर पाण्याची पाळी किंवा फवारणी ठरवू नका. ‘मेघदूत’ ॲपवर दर मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ला येतो, तो बघा.

*दिवस वेधशाळा सांगते, वेळ आभाळ सांगतं*
वळवाचं गणित असं : सकाळपासून जमीन तापते. समुद्रावरून आलेली दमट हवा त्या उष्णतेनं वेगानं वर चढते आणि दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. म्हणून हा पाऊस बहुधा दुपारी तीन ते रात्री आठच्या दरम्यान गाठतो. खुणा आपल्या ओळखीच्याच आहेत. सकाळपासून उकाडा, अंगाला चिकचिक, दुपारी फुलकोबीसारखे वर वाढत जाणारे पांढरे ढग, मग त्यांचा काळपट तळ. आणि एकदम गार वारा सुटला की समजा, ढग कोसळायला लागलाय. आता हातात काही मिनिटंच आहेत. तापमानही तेवढ्यात झपकन खाली येतं.

इशाऱ्याच्या दिवशी दुपारी एक वाजता ‘मौसम’ ॲपवर पुढच्या तीन तासांचा इशारा बघा. त्यानंतर दर तासाला एक नजर.

*इशाऱ्याच्या दिवशी काय करायचं*
– कांदा : काढणी शक्यतो पुढे ढकला. काढलेला असेल तर दुपारी दोनच्या आत ढीग करून ताडपत्री टाका, कडेला चर काढा. भिजलेला कांदा सावलीत पूर्ण सुकल्याशिवाय चाळीत भरू नका. ओला माल आजूबाजूचा चांगला मालही सडवतो.
– अंजीर, टोमॅटो : तोडणीला आलेला माल सकाळीच तोडा. पिकलेलं अंजीर पावसानं फुटतं.
– डाळिंब, द्राक्ष : पावसाच्या तोंडावर फवारणी करू नका, औषध वाहून जातं. पाऊस थांबून पानं सुकल्यावर बाग बघा आणि मगच ठरवा.
– मार्केट यार्डाला जाणारा माल : गाडीवर ताडपत्री आधीच बांधून ठेवा.

*वीज : इथं मात्र जोखीम नको*
माल गेला तर पुन्हा पिकवता येतो, माणूस परत आणता येत नाही. वीज चमकल्यावर आकडे मोजा. ३० मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर लगेच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका. झाडाखाली थांबू नका, जनावरंही झाडाला बांधू नका. विहीर, शेततळं, तारेचं कुंपण आणि मोटारीचा स्टार्टर यांपासून लांब राहा. उघडा ट्रॅक्टर हा आसरा नाही. उघड्या रानात सापडलात तर पाय जुळवून उकिडवं बसा, आडवं पडू नका. पाषाणच्या आयआयटीएम संस्थेनं बनवलेलं ‘दामिनी’ ॲप जवळ पडणाऱ्या विजांची माहिती देतं. घरात एकाच्या तरी मोबाईलवर ते असू द्या.

*नुकसान झालंच तर*
माल हलवण्याआधी फोटो काढा, शेत ओळखू येईल असे. त्याच दिवशी तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा आणि पंचनाम्याच्या वेळी स्वतः हजर राहा. सरकारी मदतीसाठी पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं.

२०२५ चा मे आठवा. वळीव पडत राहिला आणि २६ मेला मोसमी पाऊसच पुण्यात येऊन थडकला. ‘जूनपर्यंत वेळ आहे’ म्हणून रानात ठेवलेला कांदा अनेकांचा तिथंच गेला. तेव्हा मे अखेरचा भरवसा धरू नका.

शेवटची एक विनंती. आपल्या गावात पाऊस किंवा गारा सुरू झाल्या की गटावर फक्त गावाचं नाव आणि वेळ टाका. ढग पुढे सरकतो, तुमच्या एका ओळीनं पुढच्या गावाला ताडपत्री टाकायला अर्धा तास मिळू शकतो.