विलीनीकरण ठरलं की टॉवर का थांबतो?

२० मार्च २०१७ रोजी आयडिया आणि व्होडाफोन यांनी एकत्र येण्याचं जाहीर केलं. विलीनीकरण पूर्ण झालं ३१ ऑगस्ट २०१८ला. आज आम्ही बोलणार आहोत ते मधल्या सतरा महिन्यांबद्दल. लोणावळ्याच्या हिशोबात जवळजवळ दोन पावसाळे.

समजा, लोहगडाच्या पायथ्याशी दोघांचीही यंत्रं आहेत. लग्नानंतर एकच संच पुरणार, दुसरा उतरवायचा. वर्षाला १४,००० कोटींचा फायदा अपेक्षित होता, त्यातले ८,४०० कोटी चालू खर्चातले. ते असेच वाचणार होते. पण कुणाचा संच राहणार? व्यवहार पूर्ण होईपर्यंत दोघं प्रतिस्पर्धीच, आपापले आराखडे एकमेकांना दाखवायची सोय नाही. मग उद्या उतरवावं लागेल अशा यंत्रावर आज पैसे कोण घालणार? त्यात जिओ सप्टेंबर २०१६मध्ये आलेलं, दोघांचं उत्पन्न घसरतंय.

शहरात हे फारसं जाणवत नाही, शेजारचा टॉवर सांभाळून घेतो. पवन मावळात डोंगर आडवा आला की रेंज गेलीच. तिथे ग्राहकही मोजके. आम्हाला विचाराल तर लांबणीवर पडायचा पहिला मान तिथल्याच टॉवरचा, एक्स्प्रेसवेच्या कडेचा नव्हे.